जहाजावर खांदा निखळला, कंपनीच्या डॉक्टरने २० टक्के अपंगत्व लिहिलं. एजंट म्हणतो, ‘मिळतंय ते घे आणि सही कर.’ एबी, म्हणजे डेकवरचा अनुभवी खलाशी, असलेल्या माझ्या भावाने काय करावं?

सही आज करायची नाही, एवढं भावाला आधी सांगा. एजंट घाई करत असेल तर अजिबातच नाही.

तुमच्या प्रश्नात टक्के आहेत, डॉक्टर आहे, एजंट आहे, पण कराराचा उल्लेख कुठेच नाही. सगळी मेख तिथेच आहे. साइन ऑन करताना, म्हणजे जहाजावर रुजू होताना, सही केलेल्या करारात बहुतेक वेळा एखाद्या ओळीत सीबीएचा, म्हणजे युनियनशी झालेल्या कराराचा हवाला असतो. तो सीबीए मागवून घ्या. किती टक्क्यांना किती डॉलर, याचा तक्ता त्यात असतो. ही रक्कम मिळायला चूक कोणाची होती हे सहसा सिद्ध करावं लागत नाही. दुखापत नोकरीवर असताना झाली एवढं दाखवता आलं पाहिजे.

क्रूच्या क्लेमचे कागद मी बरीच वर्षं हाताळले आहेत. बाहेरून वाटतं भांडण पैशांचं आहे, पण ते अडतं रिपोर्टमधल्या एका वाक्यावर. २० टक्के हे नुसत्या खांद्याचं माप झालं. त्या खांद्याने जहाज धक्क्याला बांधायचा मूरिंगचा दोर ओढता येणार का, वाटाड्या पायलटला चढायची दोरशिडी, म्हणजे पायलट लॅडर, लावता येणार का, खवळलेल्या समुद्रात शिडीला लटकून शरीराचा भार पेलता येणार का, हे त्यात कुठे येतं? आयटीएफच्या, म्हणजे वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नमुना करारात याची सोय आहे. ५० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर पूर्ण भरपाई; आणि टक्के त्याखाली असले तरी समुद्रावरच्या कुठल्याही कामाला कायमचा अनफिट असं कंपनीच्या डॉक्टरने लिहून दिलं, तरीही पूर्णच. भावाच्या सीबीएत असं कलम आहे का बघा. असेल तर डॉक्टरला लेखी विचारा: हा माणूस पुन्हा जहाजावर जायला फिट आहे की नाही? टक्के झटकन लिहिणारे डॉक्टर इथे हमखास हात आखडता घेतात.

उत्तर गुळमुळीत आलं तर आपला ऑर्थोपेडिक गाठा. नुसते एक्स-रे घेऊन जाऊ नका, एबीला रोज काय काय करावं लागतं तेही लिहून न्या. दोन डॉक्टरांचं जुळलं नाही तर दोन्ही बाजूंनी मिळून तिसरा नेमायचा आणि त्याचं मत अंतिम मानायचं, अशी तरतूद पुष्कळ करारांत असते.

नेटवर १२० आणि २४० दिवसांचा नियम वाचाल. तो फिलिपिनो खलाशांचा आहे. त्यांच्या सरकारी नमुना करारात १ ते १४ अशा ग्रेड आहेत, पहिल्या ग्रेडला ६०,००० डॉलर. घरी परतल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत कंपनीच्या डॉक्टरकडे हजेरी लावावी लागते. त्या डॉक्टरने १२० दिवसांत, किंवा सबळ कारण असेल तर २४० दिवसांत, अंतिम निष्कर्ष दिला नाही तर अपंगत्व कायमचं आणि पूर्ण धरलं जातं. तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१५ च्या एल्बर्ग खटल्यात ही चौकट पक्की केली. भाऊ त्या करारावर नसेल तर या आकड्यांच्या भरवशावर राहू नका.

त्याच्या कामाचं आहे ते एमएलसी २००६, म्हणजे खलाशांच्या हक्कांचं आंतरराष्ट्रीय कन्व्हेन्शन. जहाज ज्या देशाच्या झेंड्याखाली नोंदलेलं आहे त्या देशाने ते मान्य केलेलं असेल, तर घरी आल्यावरही उपचारांचा खर्च आणि पूर्ण किंवा काही पगार ही मालकाची जबाबदारी असते. त्याला मुदत घालता येते, पण १६ आठवड्यांपेक्षा कमी नाही. जुनं दुखणं भरतीच्या वेळी मुद्दाम लपवलं असेल तर मात्र मालक हात वर करू शकतो. म्हणून भरतीच्या मेडिकलची कॉपी शोधून ठेवा.

लॉगबुकची आणि ॲक्सिडेंट रिपोर्टचीही कॉपी मागा. ‘खांदा दुखतो म्हणाला’ आणि ‘स्प्रिंग लाइन ओढताना पाय घसरून बोलार्डवर आपटला’ (स्प्रिंग लाइन म्हणजे जहाज बांधायचा दोर, बोलार्ड म्हणजे तो अडकवायचा खुंटा) या दोन नोंदींत क्लेम फिरतो. पहिल्यासारखी नोंद असेल तर त्या वेळी डेकवर असलेल्या सोबत्यांची लेखी स्टेटमेंट आत्ताच घ्या. वर्षभराने कोण कुठल्या जहाजावर असेल कोणास ठाऊक!

आता एजंटच्या सहीचं. जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या एमएलसीच्या दुरुस्तीनुसार करारातली भरपाई पूर्ण आणि विनाविलंब द्यायची असते, आणि त्याहून कमी घेण्यासाठी दबाव आणायला बंदी आहे. अपंगत्व नक्की किती हे ठरायला वेळ लागणार असेल तर तोवर अंतरिम रक्कमही द्यावी लागते. ती घ्या, पण पावतीवर ‘अंतरिम’ असं लिहून घ्या. ‘फुल अँड फायनल’ शब्द दिसले तर पेन खाली. मालकाच्या हलगर्जीपणाचा वेगळा दावा करायचा असेल तर तो हक्क राखून ठेवल्याचंही त्यात हवं. त्यासाठी सागरी वकील लागेल. कराराच्या रकमेसाठी आधी युनियनकडे जा.

याच दुरुस्तीमुळे या भरपाईच्या आर्थिक हमीचं सर्टिफिकेट जहाजावर ठळक जागी लावावं लागतं. ते बहुधा पी अँड आय क्लबचं, म्हणजे जहाजमालकांच्या विमा संस्थेचं, असतं आणि त्यावर संपर्काचा पत्ता असतो. जहाजावरच्या एखाद्या मित्राकडून त्याचा फोटो मागवा. खलाशाला क्लेम थेट तिथे लावता येतो, एजंटला मध्ये घ्यायची गरज नाही.