जागेपणीच्या मेंदूशस्त्रक्रियेत भाषेची तपासणी कोंकणीत व्हावी की मराठीत?

आपल्या थोरल्या भावाच्या मेंदूत डावीकडे, वाचेच्या भागाला लागून गाठ आहे. त्याला जागे ठेवून शस्त्रक्रिया होणार असून विजेच्या साहाय्याने भाषेच्या जागा शोधल्या जाणार आहेत. तो घरी कोंकणी बोलतो, त्याचे शिक्षण मराठीतून झाले आणि पणजीतल्या कचेरीत त्याचे काम इंग्रजीत चालते. मग तपासणी कोणत्या भाषेत करावी, असा आपला प्रश्न आहे. मी फोंड्यात स्पीच थेरपिस्ट आहे. माझे मत असे की तो रोज वापरतो त्या प्रत्येक भाषेत ती व्हावी, आणि वेळ अपुरा पडणार असेल तर कोणती भाषा आधी, हे त्याने स्वतः शस्त्रक्रियेपूर्वी ठरवावे.

असे म्हणण्याला आधार आहे. ओजेमन आणि व्हिटेकर या संशोधकांनी 1978 साली दोन द्विभाषिक रुग्णांची अशी तपासणी प्रसिद्ध केली. त्यात काही जागी वीज दिली असता दोन्ही भाषा अडत होत्या, तर काही जागी एकच अडत होती. पुढे 1989 मध्ये ओजेमन यांच्या गटाने 117 रुग्णांचे नकाशे मांडले, तेव्हा असे दिसले की भाषेच्या जागा माणसागणिक बदलतात आणि पुष्कळदा एकदोन चौरस सेंटिमीटरएवढ्याच असतात. पुस्तकातल्या चित्रावर विसंबून चालत नाही ते यामुळेच.

विजेने माणूस बोलू लागतो, असा समज मी नातेवाइकांकडून अनेकदा ऐकला आहे. प्रत्यक्षात उलट घडते. पाच मिलिमीटर अंतरावर दोन टोके असलेल्या सळईने, बहुधा 60 हर्ट्झचा आणि काही मिलिअँपिअरचा प्रवाह तीनचार सेकंद दिला जातो आणि तेवढ्यापुरते त्या ठिकाणचे काम विस्कळीत होते. त्याच वेळी समोर चित्र असते. रुग्ण थबकला, नाव आठवेनासे झाले किंवा भलताच शब्द निघाला, तर ती जागा राखायची. एकदाच झालेली चूक योगायोगाची असू शकते, म्हणून प्रत्येक जागा सलग नव्हे, पण सहसा तीनदा तपासतात. मेंदूला स्वतःला वेदना नसते. डोक्याची त्वचा आणि मेंदूवरील आवरण इंजेक्शनने बधिर करतात. प्रवाहामुळे कधी आकडीचा (फिटचा) झटका येऊ शकतो, तेव्हा मेंदूवर थंडगार सलाइन ओततात.

आपल्याकडची खरी अडचण चित्रांची आहे. थबकणे हे वाचा बंद पडल्यामुळे की केवळ नाव न आठवल्यामुळे, हे कळावे म्हणून नावाआधी एक ठरावीक वाक्यांश म्हणायला सांगतात. मराठीत मात्र ‘ही खुर्ची’, ‘हा चमचा’ असे म्हणताना नाव मनात आल्याशिवाय लिंगच ठरत नाही. म्हणून कानाला थोडे खटकले तरी मी सर्व चित्रांना ‘हे आहे’ एवढेच म्हणायला लावते. त्यातच भाषांची सरमिसळ. ‘चावी’ कोंकणी-मराठी दोन्हीकडे चालते, त्यामुळे त्या चित्रावरून कोणती भाषा टिकली ते समजत नाही. असली चित्रे मी वगळते. याउलट कोंकणीत खुर्चीला ‘कदेल’ आणि चमच्याला ‘कुलेर’ म्हणणारा माणूस मराठीच्या फेरीत तोच शब्द उच्चारील, तेव्हा ती चूक म्हणायची की सवय? एका सराव-फेरीत ‘टेबल’ऐवजी आलेले ‘मेज’ मदतनिसाने चूक म्हणून नोंदवले होते आणि मला ती सारी फेरी पुन्हा घ्यावी लागली. म्हणून आदल्या दिवसांत प्रत्येक भाषेची फेरी वेगळी घेऊन, ज्या चित्राला भाऊ एरवीही अडखळतो ते काढून टाकतात. या कामी घरच्यांची मोठी मदत होते: त्याच्या रोजच्या वापरातल्या वस्तू कोणत्या आणि तो त्यांना काय म्हणतो, याची यादी आजच करायला घ्या.

गाठ खोलवर गेली असेल तर पृष्ठभागाखालच्या तंतूंनाही असाच प्रवाह देऊन पाहतात. तिथे अर्थ शाबूत राहून फक्त ध्वनींची उलटापालट होऊ शकते, म्हणजे ‘कदेल’चे ‘कलेद’. ती ऐकणाऱ्याला कोंकणी येत नसेल तर हा अपरिचित शब्द असावा असे समजून तो पुढचे चित्र दाखवील. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी भावाच्या शेजारी बसून उत्तरे ऐकणारी व्यक्ती कोण असेल आणि तिला घरची कोंकणी कळते का, हे सर्जनना आधीच विचारून घ्यावे.