पोर्तुगालच्या दक्षिणेला शांत बीच कोणता? फारोला दोन दिवस आहोत, गाडी नाही, सोबत सत्तरीचे आई-बाबा. रिया फॉर्मोझाबद्दल ऐकलंय, जावं का?

जा. नक्की जा. पण तुम्ही बीच म्हणून विचारताय आणि तिथली खरी मजा बीचच्या मागच्या पाण्यात आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी मूळचा शिरोड्याचा, वेंगुर्ल्याच्या खाली, गोव्याच्या हद्दीला लागून, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे शाळेच्या पुस्तकात दोन ओळी मिळालेलं गाव ते. नोकरीसाठी लिस्बनला येऊन सात वर्षं झाली आणि वर्षातून एकदा तरी मी ट्रेन पकडून फारो आणि तिथून पुढे ताविराला जातोच. बायको म्हणते तुला समुद्र नाही, चिखलाचा वास हवा असतो. खरंय ते.

आधी ही जागा म्हणजे नक्की काय ते सांगतो, कारण रिया नाव ऐकून लोकांना नदी वाटते. मोठी नदी तिथे येत नाही. किनाऱ्याला समांतर वाळूची पाच लांबट बेटं, दोन टोकांना जमिनीला चिकटलेले वाळूचे दोन दांडे आणि या सगळ्याच्या आत अडकलेलं उथळ खारं पाणी, असं साधारण 60 किलोमीटर चालतं. बेटांच्या मधल्या मुखांतून अटलांटिक दिवसातून दोनदा आत येतो आणि दोनदा बाहेर जातो. आत खाजण, चिखलाचे पट्टे, मिठागरं. आपल्याकडचा माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा सगळं ओळखीचं वाटतं आणि तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, मला ते कळायला दोन फेऱ्या लागल्या. कांदळवन नाही! थंडीमुळे तिथे खारफुटीची झाडंच नाहीत, नुसतं गुडघाभर खारं गवत आणि मांसल काड्यांसारखी झुडपं, त्यामुळे नजर सरळ क्षितिजापर्यंत जाते. हे सगळं 1980 पासून रामसर पाणथळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा) आहे आणि 1987 पासून नॅचरल पार्क. (आपल्या ठाणे खाडीला रामसरचा दर्जा 2022 ला मिळाला.)

आता बीच. फारोच्या पश्चिमेला, अल्बुफेरा वगैरे, म्हणजे फोटोत दिसणारे पिवळे कडे आणि गुहा, तिकडे ऑगस्टमध्ये छत्रीला छत्री लागलेली असते. पूर्वेला कडे संपतात, किनारा सपाट होतो आणि समुद्राचं पाणीही जरा कोमट असतं. शांतता हवी तर पूर्वेला, आणि त्यातही शेवटच्या टोकाला कासेला व्हेल्या म्हणून एक गाव आहे तिथे. गाव म्हणजे काय तर टेकाडावर एक पांढरं चर्च, एक छोटा किल्ला, एक विहीर, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या गल्ल्या. चर्चच्या मागे गेलात की एकदम खाली सगळं उघडतं, आधी हिरवट निळं उथळ पाणी, त्यात टेकलेल्या होड्या, मग वाळूचा एक पातळ पट्टा, आणि त्या पट्ट्यापलीकडे खरा समुद्र. तो पट्टा म्हणजे तुमचा बीच. दुकान नाही, शॅक नाही, सावली तर अजिबातच नाही. ओहोटीला खालची खाडी पायी ओलांडून जाता येतं, भरतीला होडी लागते. इथेच माझी फजिती झाली होती.

झालं असं की घरचा पाच दिवसांचा गणपती पोचवून आई इकडे आली होती आणि आम्ही कासेलाला गेलो तो दिवस पौर्णिमेचा होता. मोबाईलला रेंज येईना, पण मी शिरोड्याचा ना, मला कशाला भरतीचं टाइमटेबल. आपल्याकडे कोळ्यांचा साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. आम्ही उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे माझ्या हिशोबाने भरती जवळपास पूर्ण होत आली होती, आणि समोर खाडीत पाणी किती तर पोटरीएवढं. मी आईला ऐटीत म्हटलं, बघ, भरतीला एवढंच पाणी, दुपारी परत येताना तर चपला पण भिजणार नाहीत. गेलो पलीकडे. डबा खाल्ला, आई समुद्रात पाय बुडवून आली, माझी मस्त झोप झाली. साडेतीनला निघालो तर खाडीच्या जागी तळं. होड्या ज्या सकाळी कुशीवर लोळत होत्या त्या दिमाखात तरंगतायत. मी अजून हिशोबच करतोय आणि आई शांतपणे विचारते, "झिला, ह्यां पाणी चढताहा की उतरताहा?"

चूक काय झाली ते नंतर कळलं. चंद्र तोच आहे, पण ते पाणी प्रत्येक किनाऱ्याला वेगळ्या वेळी पोचतं. आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, इथे तीन-साडेतीनच्या आसपास. म्हणजे मी सकाळी दहाला जे बघितलं ती भरती नव्हतीच, सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी होती, आणि ती पण साधी नाही, सप्टेंबरातलं उधाण, जेव्हा पाणी वर्षातलं सगळ्यात खाली जातं आणि तेवढंच वर येतं. तिथीची पाऊण शिरोड्याला बरोबर असेल, अटलांटिकला ती लागू नाही. शेवटी वाळूवरून चालत जाऊन पुढच्या फाब्रिका नावाच्या वाडीकडून माणसं ने-आण करणारी छोटी होडी गाठली आणि परत आलो. होडीवाला हसला, बोलला काही नाही. आई मात्र घरी गेल्यावर अख्ख्या वाडीत सांगून आली.

तर तुमच्यासाठी पहिलं काम म्हणजे हॉटेलवरून निघायच्या आधी फारोच्या भरतीच्या वेळा बघा, मोबाईलवर पोर्तुगीजमध्ये काही शोधत बसायची गरज नाही, कुठलंही भरती-ओहोटीचं ॲप दाखवतं, आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. उधाणाच्या दिवसांत सुकती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास येते, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, जेव्हा भरती-ओहोटी दोन्ही कमी असतात) दुपारी, पण भांगाला पाणी तेवढं खाली जातच नाही. आणि कुणाच्या जुन्या व्हिडिओत "इथून ओलांडा" असं दाखवलेलं असेल तर त्यावर विसंबू नका, हिवाळ्याच्या वादळांत वाळूचा पट्टा फुटतो, मुखं सरकतात, मागच्या वर्षीची वाट या वर्षी खोल असू शकते. सत्तरीच्या माणसांना घेऊन तर पायी जाऊच नका. सरळ फाब्रिकाहून होडी घ्या, दोन-चार मिनिटांचा प्रवास आहे, फक्त शेवटची फेरी किती वाजता ते आधी विचारून ठेवा. उन्हाळा सोडून होड्यांचा भरवसा धरू नका.

आई-बाबांसाठी मला विचाराल तर पहिला दिवस बारीलच्या बीचला द्या. ताविराजवळ पेद्राश देल रेय म्हणून ठिकाण आहे, तिथून एक छोटा पूल ओलांडला की चिमुकली ट्रेन खाजणातून थेट वाळूपर्यंत नेते, भरती असो ओहोटी असो काही फरक पडत नाही. ट्रेनच्या दोन्ही बाजूंना चिखलात हजारो खेकडे दिसतील, नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी, ती हलवत बसलेले असतात. आपल्याकडे कांदळवनात असतात ना रंगीत बारके, त्यांचाच भाऊबंद. तिथले लोक या खेकड्याची ती मोठी नांगीच तोडून घेतात आणि खेकड्याला परत चिखलात सोडतात, नांगी पुन्हा उगवते. मला पहिल्यांदा ऐकून कसंसंच झालं होतं, आईला मात्र कल्पना आवडली.

बारीलला पूर्वी टुनाची मोठी मासेमारी चालायची, समुद्रात जाळ्यांचा चक्रव्यूह नांगरून ठेवायचे आणि टुनाचे थवे त्यात शिरायचे. टुना यायचे बंद झाले, धंदा बसला, आणि ते सगळे नांगर आज वाळूच्या टेकड्यांवर ओळीने मांडून ठेवलेत, गंजून लाल झालेले. तिथे मी दर वेळी थोडा वेळ बसतो. गर्दी ट्रेनच्या स्टॉपपाशीच असते, दहा मिनिटं चाललात की कुणी नाही. पण चालायचं ते पूर्वेला. पश्चिमेला कपडे न घालणाऱ्यांचा अधिकृत बीच आहे, आणि बाबांसोबत तिथे पोचलात तर पुढचे दोन दिवस जेवणाच्या टेबलावर कुणी कुणाशी बोलणार नाही. (अनुभव माझा नाही, मित्राचा. खरंच मित्राचा.)

दुसऱ्या दिवशी फाब्रिकाची होडी चालू असेल तर कासेला, नसेल तर ओल्याँवजवळचं किंता द मारीं. ते पार्कचं माहिती केंद्र आहे, सपाट पायवाट, पाइनची सावली, पक्षी बघायला लाकडी आडोसे. तिथे एक भरतीवर चालणारी गिरणी आहे, म्हणजे भरतीचं पाणी दार उघडून तळ्यात घ्यायचं, दार बंद करायचं, बाहेर ओहोटी लागली की तेच पाणी जात्याखालून सोडायचं. दळण दिवसाउजेडी की मध्यरात्री ते समुद्र ठरवणार. माझे आजोबा मिठागरात पाणी घ्यायचे ते असंच, दार उघडून, भरती बघून, फक्त जातं नव्हतं एवढंच. ताविराच्या बाजूला मिठागरं अजून चालू आहेत आणि उन्हाळ्यात मिठाचे पांढरे ढीग लागलेले दिसतात, वाटेत दिसतील तेव्हा बाबांना दाखवा.

पक्ष्यांचं म्हणाल तर मिठागरांत फ्लेमिंगो, शेकाटे आणि उचाट्या दिसतातच, हिवाळ्यात जास्त. पार्कचं बोधचिन्ह म्हणजे जांभळी पाणकोंबडी, लाल चोचीची. आपल्या तळ्यांत असते तिची सख्खी बहीण. इथे ती नामशेष व्हायला आली होती, म्हणून तिचं एवढं कौतुक. आणि एक कळकळीची गोष्ट, वाळूच्या टेकड्यांवरून चालू नका, फळ्यांची वाट असते तीच धरा. मे ते जुलै छोटे सुरय आणि चिखल्या उघड्या वाळूवर अंडी घालतात, अंडी वाळूच्या रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. एखादा पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागला तर तो तुम्हाला हाकलतोय असं समजा आणि मागे फिरा.

खायचं काय, तर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. पोर्तुगालात खाल्ल्या जाणाऱ्या तिसऱ्यांतला मोठा वाटा याच चिखलातून येतो. ओहोटीला वाकून चिखल उकरणारी माणसं दिसतील, ती जागा सार्वजनिक वाटते पण नसते, काठ्या आणि दगड लावून वाटून घेतलेली शेतंच आहेत ती, तेव्हा हौसेने उकरायला जाऊ नका. हॉटेलात लसूण, ऑलिव्ह तेल, लिंबू आणि भरपूर कोथिंबीर घालून देतात. हो, कोथिंबीर! युरोपात कोथिंबिरीचा एवढा सढळ हात मी दुसरीकडे पाहिला नाही. खोबरं नाही, तिखट नाही, आणि तरी आईने ताटली पावाने पुसून खाल्ली, वर म्हणाली "बरां लागता, पण सुकां करूक व्हया हुता."

गाडी नाही म्हणालात, तर फारोहून ताविराकडे जाणारी लोकल ट्रेन ओल्याँव, ताविरा करत कासेलापर्यंत जाते, पण कासेला स्टेशन नव्या गावात आहे, जुनं गाव आणि खाडी तिथून दोन-तीन किलोमीटर लांब. उन्हात आई-बाबांना चालवू नका, ताविराहून टॅक्सी करा. टोपी, पाणी आणि छत्री सोबत ठेवा, पलीकडे काही मिळत नाही. जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर उत्तम. पोहायचं तर समुद्राच्या बाजूला किंवा शांत खाडीत, मुखाजवळ मात्र नाही, ओहोटीला तिथून पाणी नदीसारखं ओढून नेतं.

तुमच्या तारखा कमेंटमध्ये टाका, सुकती किती वाजता येते ते बघून सांगतो. टाइमटेबल बघून, तिथीवरून नाही.