कॅनडाला निघालेल्या सोलापूरकराला, जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातून गणितात एमएस्सी झाली, कॅनडात पीएचडीची जागा मिळाली. विषय आहे कोरड्या डोळ्यांसाठी गांजातल्या द्रव्यांचे थेंब आणि ते कॉर्नियात (डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्यात) कसे झिरपतात याची डिफ्यूजनची, म्हणजे विसरणाची समीकरणं. सोबत बायको आणि आठ वर्षांचा मुलगा. जावं का, गांजाचा शिक्का पुढे नडेल का, मुलाच्या शाळेचं काय, आणि एकटं वाटतं का.

व्हिसा, बायोमेट्रिक्स, खात्यात किती पैसे दाखवायचे, हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे आणि सारखं बदलत असतं. ते माझ्याकडून घेऊ नका. मी विनिपेगला राहते, याच गणितावर पोट भरते आणि माहेर सोलापूरच्या पूर्व भागात आहे. तुमचा प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. लांबेल.

गांजाची धास्ती घेऊ नका. तुम्ही गणितवाले, तुमच्या हातात ना पान येणार ना बाटली. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, तरी प्रयोगशाळेत त्यावर काम करायला वेगळा परवाना लागतोच. पण ती डोकेदुखी प्रयोगशाळेची. आपल्याकडे अमली पदार्थांवरचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. तेव्हा सुट्टीवर येताना सीबीडीचं (गांजातल्याच एका द्रव्याचं) तेल, मलम, गोळी, काहीही बॅगेत टाकायचं नाही. कॅनडाच्या हद्दीतूनही ते बाहेर नेता येत नाही आणि आत आणता येत नाही. नातेवाइकांना मी ‘डोळ्याच्या औषधावर काम करते’ एवढंच सांगते. एका मावसभावाने इंटरनेटवर शोधून काढलं, तेव्हापासून लग्नकार्यात मी दिसले की तो ‘माल आणलाय का’ विचारतो. तेवढं सहन करायचं.

औषध म्हणून यात दम आहे का? उंदरांवर थोडाफार दिसलाय. २०१८ मध्ये हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की डेल्टा-८-टीएचसी, सीबीडी आणि एचयू-३०८ नावाचं एक कृत्रिम द्रव्य, तिन्हींनी इजा झालेल्या कॉर्नियाची वेदना आणि दाह कमी होतो, आणि प्रत्येकाचा रस्ता वेगळा. पण २०२० मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात उलटंही दिसलं: टीएचसीने, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याने, नर उंदरांचे अश्रूच कमी झाले. म्हणजे कोरडेपणावरचं औषध म्हणून जे बघतोय तेच कोरडेपणा आणू शकतं. त्याच विद्यापीठात आधी सीबीडीने उंदरांच्या डोळ्यातला दाब वाढलेलाही दिसला होता. माणसांच्या कोरड्या डोळ्यांसाठी असा मान्यता मिळालेला थेंब अजून बाजारात नाही. कोणी ‘क्रांतिकारी उपचार’ म्हणायला लागला की त्याला ही इंडियानाची गोष्ट सांगा आणि चेहरा बघा.

खरं तर तुम्ही गणिताबद्दल जास्त विचारायला हवं होतं. डोळ्यात एरवी सात मायक्रोलिटरच्या आसपास पाणी असतं. बाटलीतून पडणारा थेंब तीस ते पन्नास मायक्रोलिटरचा. पापणीच्या आत मावतात तीसेक, बाकीचं गालावर नाहीतर नाकात. जे टिकतं तेही काही मिनिटांत धुऊन जातं. इकडे कॉर्निया अर्धा मिलिमीटर जाड. छोट्या रेणूचा विसरणांक (तो किती पटकन पसरतो ते सांगणारा आकडा) सेकंदाला दहाचा उणे दहावा घात इतके चौरस मीटर धरा आणि जाडीच्या वर्गाला त्याने भागा: अडीच हजार सेकंद, म्हणजे चाळीसेक मिनिटं. औषध मिनिटांत वाहून गेलं आणि आरपार जायला चाळीस मिनिटं. काचबिंदूवाल्यांची अडचण हीच. गांजाने डोळ्यातला दाब उतरतो हे १९७१ मध्येच दिसलं होतं, पण त्यांना औषध डोळ्याच्या आत पोचवायचं असतं. कोरड्या डोळ्याला ती गरजच नाही. ठणकणारे मज्जातंतू कॉर्नियाच्या सगळ्यात वरच्या, पन्नासेक मायक्रॉनच्या थरात, एपिथेलियममध्ये, येऊन संपतात. जाडी दहावा भाग, म्हणून वेळ शंभरावा भाग. (विसरणांक तोच धरला तर. तो तसा नसतो, पण अंदाज येतो.) तुमचा विषय म्हणून मला शहाणपणाचा वाटतो. थेंब जिथे पडतो तिथेच काम आहे.

पुढची गंमत थरांची. हे रेणू कमालीचे तेलवेडे, पाण्यापेक्षा तेलात लाखो पटींनी जास्त रमतात. २००२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या सायक्लोस्पोरिनच्या थेंबात म्हणूनच एरंडेल आहे, आणि इथेही असलंच काहीतरी करावं लागतं. एपिथेलियम तेलकट, त्याखालचा जाड थर, स्ट्रोमा, पाणीदार. दोघांच्या सीमेवर फ्लक्स (औषधाचा प्रवाह) अखंड राहतो, पण कॉन्सन्ट्रेशन (औषधाचं प्रमाण) एकदम तुटतं. इथे कमाल तत्त्व (सगळ्यात मोठा आकडा कडेवर नाहीतर सुरुवातीलाच सापडतो, हा नियम) थेट कॉन्सन्ट्रेशनला लावायला गेलात तर फसाल. बाहेरच्या थेंबापेक्षा आतल्या तेलकट थरात आकडा मोठा दिसेल आणि प्रोग्रॅममध्ये बग आहे असं वाटेल. कॉन्सन्ट्रेशनला त्या-त्या थराच्या पार्टिशन गुणांकाने, म्हणजे पाण्याच्या तुलनेत त्या थरात औषध किती पटींनी रमतं त्या आकड्याने, भागा. जे मिळतं ते सीमेवर अखंड असतं आणि कमाल तत्त्व त्याला लागू पडतं. सहगुणक असे तुटक असूनही उत्तर सलग का राहतं, याचं उत्तर डी जॉर्जीने १९५७ मध्ये एलिप्टिक (काळानुसार न बदलणाऱ्या) समीकरणांसाठी आणि नॅशने १९५८ मध्ये पॅराबोलिकसाठीही (काळानुसार बदलणाऱ्या) दिलं. नॅश म्हणजे तोच, अर्थशास्त्राच्या नोबेलवाला. मी सोलापुरात शिकवत होते तेव्हा हे प्रमेय माझ्यासाठी परीक्षेत न येणारं प्रकरण होतं.

आणि हो, फिक. १८५५ मध्ये डिफ्यूजनचे नियम मांडणारा आडोल्फ फिक शरीरशास्त्रज्ञ होता, आणि १८८८ मध्ये डोळ्यावर बसवायची काचेची लेन्स जगासमोर मांडणारा फिक हा त्याचा पुतण्या. प्रबंधाच्या प्रस्तावनेत घाला, परीक्षक खूश होतात.

परीक्षकांना खूश करण्यावरून एक सांगते. निधीच्या अर्जात मी लिहिते की मी यंत्रमागांच्या गावातून आले, माझ्या आईने टॉवेलच्या कारखान्यात जन्मभर शिलाई मारली, हवेत कापसाचे तंतू, वर पत्रा, उन्हाळ्यात चव्वेचाळीस डिग्री, आणि आता तिच्या डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. सगळं खरं आहे. वाचणाऱ्यांना ते आवडतं हेही मला माहीत आहे. आईला मी हे कधी सांगितलेलं नाही.

व्हिडिओ कॉलवर ती थेंब घालते ते मी बघते. खालची पापणी अंगठ्याने ओढायची, मान मागे टाकायची आणि बाटली दाबायची, एक, दोन, तीन. दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो, तिसरा दुसऱ्याला. गालावरून सगळं पदरात. मी म्हणते, आई, एकच घाल, दुसरा घालायचाच असेल तर पाच मिनिटं थांब. ती म्हणते, ‘एकानं काय हुतंय? तू काय डॉक्टर हाईस का?’ नाहीये. तिच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत किती मिलिमीटर भिजली हे मोजलं तेव्हा बाजूला धाकटा भाऊ उभा होता. तोच रिक्षाने नेतो, तोच बाटल्या आणतो. कधी एका शब्दाने बोलत नाही. बोलला असता तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. मी ज्या थेंबाची समीकरणं सोडवते तो तिच्या डोळ्यात जाईल असं मला आता वाटत नाही, आणि तरी मी हा विषय सोडत नाही. ‘जावं का’ याला माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे. घरी आई-वडील असतील तर बाटली आणायला कोण आहे हे निघण्याआधी तोंडाने बोलून ठरवा, समजून घेतील यावर सोडू नका.

निरोप समारंभात कोणीतरी डॉ. कोटणीसांचं नाव घेईलच. आपल्या गावचे, १९३८ मध्ये चीनला गेले. १९४२ मध्ये तिकडेच वारले, हे समारंभात सांगायची पद्धत नाही.

कागदपत्रं. तुमच्या बीएस्सीच्या कागदावर ‘सोलापूर विद्यापीठ’ असेल आणि एमएस्सीच्या कागदावर ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’, कारण नाव २०१९ मध्ये बदललं. पदव्या तपासणाऱ्याला ही दोन वेगळी विद्यापीठं वाटतात. माझं तर आणखी अवघड होतं. २००४ च्या आधी सोलापुरात विद्यापीठच नव्हतं, आमचं कॉलेज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली. ‘तुम्ही सोलापुरात शिकलात तर पदवी कोल्हापूरची कशी?’ हा प्रश्न मला ज्या संस्थेने विचारला तिला मी नकाशा, कॉलेजचं पत्र, सगळं पाठवलं. उत्तर आलं की फाईल अपूर्ण आहे. काय अपूर्ण, ते लिहिलेलं नव्हतं. तुम्ही विद्यापीठाकडून आधीच पत्र घ्या की दोन्ही नावं एकाच विद्यापीठाची आहेत. इंग्रजीत, शिक्क्यासह, दोन-तीन प्रती. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मात्र कोणी जागेवर सापडेल या भरवशावर राहू नका. बायकोच्या पासपोर्टवर मधलं नाव तुमचं असेल तर तेही इथे तिचंच नाव धरलं जातं. दवाखान्यात नर्स मला कित्येकदा नवऱ्याच्या नावाने हाक मारते आणि मी उठून उभी राहते.

आता शाळा. इथे मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवतात, आधीची इयत्ता कोणी फारशी बघत नाही. त्याला माझी हरकत नाही. माझी सल वेगळी आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर विचारलं होतं, घरी कोणत्या भाषा बोलता. मी सोलापूरची, मराठी लिहिलं, सासरची म्हणून कन्नड लिहिलं, पोरगी शेजारी तेलुगू शिकली होती म्हणून तेही लिहिलं. तीन भाषा बघून कौतुक करतील असं वाटलं. त्यांनी तिला चित्रं दाखवून इंग्रजी तपासलं. बर्फावरून घसरायच्या लाकडी फळीचं चित्र बघून ती ‘घसरगुंडी’ म्हणाली. झालं, इंग्रजीच्या जादा तासाला बसवली. आणि तो तास ठेवला गणिताच्या वेळी! सोलापुरात अपूर्णांक संपवून आलेली मुलगी, गणिताच्या तासाला बाहेर काढून फळांची नावं म्हणत बसायची. मी भेटायला गेले तर शिक्षिका गोड हसून म्हणाल्या, तिला दडपण नको. प्रगतिपुस्तकात शेरा आला: शांत मुलगी. ही मुलगी सोलापुरात बडबडते म्हणून बाकावर उभी राहायची.

ती आता कॉलेजात आहे, हे सगळं विसरली. विषय काढला की हसते, ‘आई, सोड ना’ म्हणते. मी सोडलेलं नाही. तुम्ही भाषा सगळ्या लिहा, लपवू नका. पण मुलाचं गणिताचं प्रगतिपुस्तक इंग्रजीत करून सोबत जोडा आणि गणिताच्या तासातून त्याला काढू नये हे पहिल्याच आठवड्यात लेखी द्या. तोंडी सांगितलेलं हसून ऐकतात.

एकटेपणा येतो आणि जातो. पहिला हिवाळा वाईट, नंतर माणूस कामाला लागतो. शेंगा चटणी जास्त न्या. घरातल्या हीटरने हवा इतकी कोरडी होते की तुमचे स्वतःचेच डोळे चुरचुरतील, तेवढाच अभ्यास.

गाईडला पहिल्या भेटीत एक विचारून घ्या: मॉडेलमध्ये अश्रूंच्या पडद्याची जाडी स्थिर धरली आहे की बदलती? हा पडदा तीनेक मायक्रॉनचा. निरोगी डोळ्यात पापणी न लवता दहा सेकंदांहून जास्त टिकतो, कोरड्यात त्याआधी फाटतो. फाटणं धरायचं म्हटलं की समीकरण फोर्थ ऑर्डरचं (चौथ्या विकलजापर्यंत जाणारं) होतं, जाडी शून्याकडे गेली की ढासळतं, आणि कमाल तत्त्व तिथे उपयोगाचं राहत नाही. बर्निस आणि फ्रीडमन यांचा असल्याच समीकरणांवरचा १९९० चा पेपर आतापासून वाचायला घ्या. जाडी स्थिर धरली असेल तर पीएचडी वेळेत होईल. बदलती असेल तर बायकोला आत्ताच सांगून ठेवा.