वाचक विचारतात : एटीआरची उजवी सीट

मुलीचं कमर्शियल लायसन्स झालं, 200 तास पूर्ण. छोट्या गावांना जाणाऱ्या कंपनीत एटीआरवर (दोन प्रोपेलरच्या प्रवासी विमानावर) लागली तर लगेच विमान उडवेल का? – एक पालक, सांगली

लगेच नाही. 200 तास बहुतेक छोट्या विमानांवरचे. 23 टनांच्या एटीआर 72 साठी वेगळं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच जातीचं विमान उडवण्याची मान्यता, लागते. आधी वर्ग, मग सिम्युलेटर, मग ट्रेनर कॅप्टनशेजारी बसून प्रवासी उड्डाणं. चेक पास झाल्यावरच ती नेहमीची फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजव्या सीटवरची सहवैमानिक. त्यानंतरही लँडिंग तिच्या हाती द्यायचं की नाही, हे कॅप्टनची परवानगी आणि हवामान यांवर ठरतं. पावसात, ओल्या छोट्या धावपट्टीवर ते कॅप्टनच करतात, आणि तेच बरोबर आहे.

काम मात्र पहिल्या दिवसापासून. वॉकअराउंडला, म्हणजे विमानाभोवतीच्या फेरीत, पंखाच्या कडेवरचे बर्फ फोडणारे रबरी बूट फाटलेले नाहीत ना, प्रोपेलरच्या पात्याला खडीचा टवका उडालेला नाही ना, वेग मोजणाऱ्या पिटोट नळ्यांची कव्हरं काढली का, हे बघायचं. प्रवाशांचं दार मागे असल्यामुळे चढउतार चालू असताना शेपटीखाली टेकण लावतात. निघण्यापूर्वी ते काढलंय ना, तेही. एटीआरला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज-हवा देणारं वेगळं छोटं इंजिन, नाही. म्हणून जमिनीवर उजवं इंजिन प्रोपेलरला ब्रेक लावून चालू ठेवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. वीज आणि थंड हवा त्यातूनच मिळते.

शिमल्याच्या विमानात सीटा रिकाम्या दिसत होत्या, तरी तिकीट नाही म्हणाले. हा काय प्रकार? – वाचक, जळगाव

सीटा असतात, पण तेवढं वजन उचलता येत नाही. फर्स्ट ऑफिसरची खरी परीक्षा इथेच. शिमल्याची धावपट्टी सुमारे 1,200 मीटर, उंची सुमारे 5,000 फूट. प्रमाण हवामानात दर 1,000 फुटांना तापमान साधारण 2 अंशांनी उतरतं, म्हणजे तिथे 5 अंश हवेत. प्रत्यक्षात 30 अंश असले तर फरक 25 अंशांचा. दर अंशाला ढोबळ 120 फूट धरले तर 3,000 फूट झाले. म्हणजे विमानाला वाटतं, आपण 8,000 फुटांवर उभे आहोत. विरळ हवेत इंजिनाचा आणि प्रोपेलरचा जोर कमी, पंखाला उचल मिळायला वेग जास्त लागतो, आणि त्या वेगासाठी लागणारी धावपट्टी तिथे नाही.

त्यात एक इंजिन बंद पडलं तरी समोरचा डोंगर चुकवून चढता आलं पाहिजे. म्हणून क्रम असा : तापमान, वारा, दाब घ्यायचा, त्यावरून उड्डाणाचं कमाल वजन काढायचं, त्यातून रिकाम्या विमानाचं वजन आणि इंधन वजा करायचं. उरेल तेवढंच माणसं आणि सामान. शिमल्यात उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत पोचण्याचं इंधन सोडता येत नाही, मग कात्री सीटांवरच लागते.

चूक कुठे होते? सकाळी 22 अंशांवर केलेला हिशेब तसाच ठेवतात, उशीर होतो, पारा 29 वर जातो. तापमान बदललं की आकडे नव्याने काढायचे. कॅप्टन वैतागले तरी.

प्रोपेलरच्या विमानात लिव्हर जास्त असतात म्हणे. नवीन माणूस कुठे फसतो? – विद्यार्थी, गोंदिया

एटीआरच्या मधल्या कट्ट्यावर दोन पॉवर लिव्हर, शेजारी प्रोपेलर आणि इंधन सांभाळणारे दोन कंडिशन लिव्हर, आणि जवळच फ्लॅपचा, म्हणजे पंखामागच्या झडपांचा लिव्हर. 15 जानेवारी 2023 ला नेपाळमधल्या पोखऱ्यात उतरणाऱ्या एटीआरमध्ये फ्लॅप 30 मागितल्यावर दोन्ही कंडिशन लिव्हर फेदरला गेले. पाती वाऱ्याला समांतर झाली, ओढच संपली. इंजिनं चालू होती, पण 72 जण गेले. त्याआधी 4 फेब्रुवारी 2015 ला तैपेईत एटीआरचाच उजव्या बाजूचा प्रोपेलर आपोआप फेदर झाला आणि वैमानिकांनी चालतं डावं इंजिन बंद केलं.

त्यामुळे सवय अशी लावा : लिव्हरचं नाव मोठ्याने घ्या, हात ठेवा, नजर लिव्हरवर. इंजिन बंद करायचं असेल तर दुसऱ्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय हलवू नका. हलवल्यावर मीटर बघा : फ्लॅपचा काटा सरकला का, टॉर्क (इंजिनाचा जोर) पडला का? घाईत केलेल्या कामापेक्षा चार सेकंद उशिरा केलेलं काम परवडतं.

एटीआरचे तास पुढे एअरबसला चालतात का? – वाचक, नांदेड

एकूण तासांत धरले जातात. एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन होण्यासाठीच्या लायसन्सला, लागणाऱ्या 1,500 तासांतही. टाइप रेटिंग मात्र नव्याने, खर्चासकट. कंपनी सोडताना फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस आहे, कॅप्टनला वर्षाची. शिवाय कंपनीचा बाँड असेल तर त्यातली रक्कम सही करण्याआधीच वाचा.