हत्ती विरुद्ध उंट आणि दोन प्यादी, पाच-पाच पॉईंट झाले म्हणजे डाव ड्रॉ समजायचा का?

पॉईंट मोजत बसू नका राव. हत्तीचे पाच, उंटाचे तीन, प्याद्यांचे दोन, बेरीज जुळली म्हणून डाव ड्रॉ होत नसतो. प्यादी जोडीनं आहेत का, किती पुढं आलीत, तुमचा राजा त्यांच्या वाटेत उभा आहे का आणि उंट कुठल्या घरांचा, पांढऱ्या की काळ्या, हे बघा. यातलं शेवटचं मला लै महागात पडलंय.

२०१४ चा जानेवारी, सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरलेली, एका शाळेच्या हॉलात स्पर्धा. शेवटचा राऊंड, समोर अक्कलकोटकडचा सातवीतला पोरगा आणि माझ्या मागं हाताची घडी घालून आमचे दाजी. मला बुद्धिबळ त्यांनीच शिकवलं आणि त्यांचं एकच पालुपद, काय वाट्टेल ते होऊ दे, हत्ती द्यायचा नाही. पोराचा उंट एफ-थ्रीवर, प्यादी जी-फोर आणि एच-फाइव्हवर. माझा राजा जी-सेव्हनवर, हत्ती जी-वनवर, बाकी काही नाही.

आता बघा, हत्तीनं जी-फोरचं प्यादं मारलं, त्यानं हत्ती घेतला, तर त्याच्याकडं राहिलं काय? उंट आणि कडेचं एक प्यादं. ते वजीर होणार एच-एटला, ते घर काळं, उंट पांढऱ्या घरांचा, म्हणजे माझा राजा कोपऱ्यात जाऊन बसला की त्याला तिथनं हुसकायला कुणीच नाही, फार तर स्टेलमेट, म्हणजे शह नाही पण चालही नाही, ड्रॉच. मला दिसलं होतं हो! दोन मिनिटं नजर तिथंच होती. पण मागं दाजी. हत्ती वाचवला, इकडनं तिकडनं शह देत हिंडलो, तोवर दोन्ही प्यादी सहाव्या रांगेत आली, मागं त्याचा राजा, संपला विषय.

रात्री जेवताना शेंगाचटणी पुढं ओढत दाजी म्हणतात, "हत्ती असताना हरतोस कसा बे?"

पुढं कधीतरी हीच पोझिशन मी टेबलबेसमध्ये टाकून त्यांना दाखवली. राजे धरून सात सोंगट्यांपर्यंतचे सगळे डाव त्यात शेवटापर्यंत सोडवलेले असतात, आमच्या पटावर तर सहाच होत्या. हत्ती देऊन सरळ ड्रॉ. तर दाजी म्हणे, तू पोझिशनच चुकीची मांडलीस, उंट काळ्या घरांचा होता.

हां, तुमच्या डावात उंट खरंच त्या कोपऱ्याच्या रंगाचा असला तर मात्र हत्ती देऊ नका, सरळ हराल. आणि तुमच्याकडं स्वतःचं एखादं प्यादं शिल्लक असेल तर हिशोबच वेगळा, तिथं हत्तीवाल्यालाही जिंकायची आशा असते. तुम्ही पोझिशन लिहिलेली नाही, त्यामुळं नक्की काय ते सांगता येत नाही.

पण दाजी, वाचत असाल तर, उंट एफ-थ्रीवर होता हे तुम्हालाही मान्य आहे ना? एफ-थ्री पांढरं घर आहे. काळ्या घरांचा उंट तिथं गेला कसा?