शरण आलेल्या गॉब्लिनचे काय करायचे?

प्रश्न : आम्ही पाच जण वर्षभर दर रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे वठवत, फासे टाकत खेळायचा खेळ खेळतो. माझे पात्र लॉफुल गुड (नियमाने चालणारे आणि सज्जन) पॅलाडिन, म्हणजे दैवी शक्ती लाभलेला व्रतस्थ योद्धा आहे. मागच्या खेळात एका गॉब्लिनने (खुज्या, दुष्ट राक्षसाने) शस्त्र टाकले, मी त्याला जीवदानाचा शब्द दिला आणि बांधून ठेवले. मी गुहेचे तोंड पाहायला गेलो, तेवढ्यात आमच्यातल्या चोराने त्याचा गळा चिरला. डीएमने (डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने) ‘तुझ्या देखत नसले तरी तुझ्या पहाऱ्यात घडले’ असे म्हणून माझ्या पात्राची सारी दैवी शक्ती काढून घेतली. हे योग्य आहे का? आणि गुड पात्राने लढाईत नेमके वागायचे तरी कसे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी निकाल सांगतो, कारणे मागाहून. आपल्या डीएमचा निर्णय मला मान्य नाही. खेळाच्या नियमांच्या 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत पॅलाडिनवरची बंधने बरीच कडक होती. पण तिथेही शक्ती जायची ती त्याने स्वतः जाणूनबुजून दुष्कृत्य केले तर, सोबत्याने केले म्हणून नव्हे. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत तर पॅलाडिन अलाइनमेंटला (लॉफुल गुडसारख्या नैतिक ठेवणीला) नव्हे, आपल्या शपथेला बांधलेला असतो, आणि शपथ बुद्ध्या मोडून वर पश्चात्तापही दाखवला नाही, तरच डीएमने कठोर पाऊल उचलावे अशी त्या नियमांची अपेक्षा आहे. आपण शपथ मोडली नाही; आपला शब्द दुसऱ्याने मोडला. मात्र इथेच आपल्या पात्राची खरी परीक्षा सुरू होते. गुहेच्या तोंडाकडून परत आल्यावर त्या चोराला आपण काय म्हणालात, हे पत्रात कुठेच नाही, आणि मला सगळ्यात जास्त उत्सुकता त्याचीच आहे. (चोराच्या वर्गाचे मूळ इंग्रजी नाव ‘रोग’ असल्यामुळे आमच्या टेबलावर ‘आमच्या गटाला एक रोग आहे’ हा विनोद आता फार जुना झाला आहे, आपल्या बाबतीत तो विनोद राहिला नाही, एवढेच.) पॅलाडिन गप्प राहिला असेल, तर शक्ती काढून घेण्याऐवजी तो प्रसंग खेळायला लावणे हे डीएमचे काम होते.

आता मोठा प्रश्न. गुड पात्र तलवार कशी चालवते यावरून ते गुड आहे की नाही हे फारसे ठरत नाही, कारण अंगावर येणाऱ्या शत्रूला कोणीही मारतोच. ते ठरते शत्रूची लढण्याची ताकद संपल्यानंतरच्या एक-दोन मिनिटांत. पाचव्या आवृत्तीत तर ‘मारावेच लागले’ ही सबब हातघाईने लढणाऱ्याला उरलेलीच नाही : जवळून केलेल्या ज्या वाराने शत्रूचे हिट पॉइंट्स (जीवनशक्तीचे गुण) शून्यावर येतात, त्याच क्षणी ‘मी त्याला ठार न करता बेशुद्ध करतो’ असे खेळाडू म्हणू शकतो, आणि त्यासाठी त्याला काहीही किंमत मोजावी लागत नाही. तिसऱ्या आवृत्तीत धारदार शस्त्राने असे लढायचे तर फाशावर चारची वजावट सोसावी लागे. म्हणजे दया महाग होती. आज ती फुकट असूनही बहुतेक टेबलांवर कोणाला आठवत नाही, हे मला खटकते. धनुर्धाऱ्याला ही मुभा नाही, अग्निगोल फेकणाऱ्या जादूगारालाही नाही, त्यामुळे त्यांनी आधी विचार करायला हवा. ओलिसांच्या घोळक्यात दरोडेखोर उभे असताना वीस फूट त्रिज्येचा अग्निगोल टाकणारा जादूगार आपल्या पात्राच्या पत्रकावर काहीही लिहो, तो गुड नाही. पण तोच जर इव्होकेशन (आग, वीज अशा ऊर्जेच्या मंत्रांच्या) शाखेचा असेल, तर 2014 च्या नियमांनुसार तो तिसऱ्या पातळीच्या त्या मंत्रातून दिसणाऱ्या चार जणांना सुखरूप वगळू शकतो. हे चार जण आपलेच सोबती असले पाहिजेत असे नियमात कुठेही नाही. ते ओलीस का असू नयेत?

आणि डीएमचाही यात निम्मा वाटा आहे. ज्या टेबलावर प्रत्येक गॉब्लिन शेवटच्या श्वासापर्यंत लढतो आणि सोडून दिलेला प्रत्येक कैदी रात्री सुरा घेऊन परत येतो, तिथले खेळाडू दोन-तीन खेळांतच शिकतात की दया म्हणजे मूर्खपणा. मग त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जुन्या खेळाडूंना आठवत असेल, 1981 च्या बेसिक नियमांत प्रत्येक प्राण्याला दोन ते बारा असा मनोधैर्याचा अंक असे. गटातला पहिला मेला की, आणि पुन्हा निम्मे पडले की, डीएम दोन सहापैलू फासे टाकी, आणि बेरीज त्या अंकाहून जास्त आली की शत्रू पळे किंवा शरण येई. गॉब्लिनचा अंक सात होता. म्हणजे 36 पैकी 15 वेळा ते पहिल्याच चाचणीत मोडत. 2014 च्या डीएमसाठीच्या पुस्तकातही मनोधैर्याचा ऐच्छिक नियम आहे. आपल्या डीएमला तो वापरायला सांगा.

आमच्याच टेबलावरचा एक प्रसंग सांगतो. भर पावसात पाच दरोडेखोरांशी गाठ पडली, दोघे मेले, दोघे पळाले, आणि पाचवा चिखलात गुडघे टेकून धनुष्य पुढे ढकलत बसला. त्याला सोडले तर तो तळावर जाऊन खबर देणार, सोबत न्यावे तर खाणार काय, मारावे तर पॅलाडिन आडवी आलेली. अर्धा तास वाद चालला, चहा निवला. शेवटी पॅलाडिन खेळणारी मुलगी म्हणाली, ‘मी त्याचे बूट काढून घेते आणि त्याला सोडते.’ अनवाणी माणूस त्या खडकाळ वाटेने आमच्या आधी तळावर पोचणे शक्य नव्हते. डीएमने हसून मान डोलावली. पुढे चार-पाच खेळांनंतर तो दरोडेखोर एका गावच्या बाजारात भेटला, आणि त्याने पहिली चौकशी बुटांची केली.

प्रश्न : दबा धरून हल्ला करणे, फसवणे, झोपेच्या मंत्राने शत्रूला आडवे करणे हे गुड पात्राला शोभते का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : बहुधा शोभते. आपली अडचण लॉफुल आणि गुड या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यामुळे आहे. 1974 च्या मूळ खेळात फक्त लॉ (नियमबद्धता), न्यूट्रल (मधला मार्ग) आणि केऑस (स्वैरता) अशी विभागणी होती; गुड आणि इव्हिल हा दुसरा अक्ष नंतर जोडला गेला, आणि 1978 च्या खेळाडूंच्या पुस्तकात आज सर्वांना पाठ असलेला नऊ घरांचा तक्ता दिसतो. खोटे न बोलणे, विष न वापरणे हे तिसऱ्या आवृत्तीच्या पॅलाडिनच्या संहितेत होते. ती त्याची स्वतःची व्रते, सगळ्या गुड पात्रांवरची सक्ती नव्हे. केऑटिक गुड धनुर्धारी झाडावर दबा धरून बसला म्हणून त्याचे पुण्य कमी होत नाही.

झोपेचा मंत्र मात्र जरा थांबून पाहण्यासारखा आहे. 2014 च्या नियमांत त्याची मुदत एक मिनिट, म्हणजे दहा फेऱ्या, आणि तेवढ्या वेळात झोपलेल्याला कोणी जखमी केले नाही किंवा हलवून जागे केले नाही, तर तो झोपूनच राहतो. त्या दहा फेऱ्यांत आपले पात्र काय करते? निजलेल्यांचे गळे चिरत सुटणारा आपल्याला सौप्तिकपर्वात भेटतो, आणि अश्वत्थाम्याला कोणी गुड म्हटल्याचे ऐकिवात नाही. दहा फेऱ्यांत चौघे मिळून दोन-तीन गॉब्लिन सहज बांधतात. त्याच नियमांच्या यादीत पन्नास फुटी दोर एका सोन्याच्या नाण्याला आणि बेड्या दोन नाण्यांना मिळतात, तेव्हा पुढच्या खेळाआधी आपल्या पत्रकावर यांपैकी काय लिहिलेले आहे ते एकदा पाहून घ्यावे.