जुन्या घराचं लाकूड भिंतीवर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: जांबोटीकडचं जुनं घर उतरवलं. वासे, माळ्याच्या फळ्या, दारं असं बरंच सागवान निघालं. दोन-दोन इंची आडव्या पट्ट्या प्लायवर चिकटवून चार बाय अडीच फुटांचं पॅनेल केलं. उन्हाळ्यात छान होतं. पावसाळ्यात मधोमध फुगलं, दोन पट्ट्या उखडल्या. खाली पिठासारखा भुगाही पडतोय. काय चुकलं? (खानापूर तालुका)

उत्तर: ही दोन वेगळी दुखणी आहेत.

लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत वाढतं. उन्हाळ्यात वाळलेलं सागवान तुमच्याकडच्या पावसात ओल धरतं, तेव्हा अडीच फुटांत पाच ते सात मिलिमीटरची वाढ होऊ शकते. पट्ट्या घट्ट भिडवल्या असतील तर ती वाढ जाणार कुठे? त्या उचलल्या जातात. म्हणून दोन पट्ट्यांमध्ये एटीएम कार्ड धरून तेवढी फट ठेवा. मागे 12 मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या. पाण्याला टिकणारा गोंद पट्टीच्या मधोमध एकाच ओळीत लावा, कडांना नको. आणि पॉलिश किंवा तेल पुढून लावाल तितकेच हात मागूनही द्या. हे हमखास राहून जातं आणि मागची बाजू ओल पिऊन पॅनेल वाकतं.

पिठासारखा भुगा म्हणजे बहुधा भुंगेरा. तो कडेच्या फिकट लाकडात शिरतो, सागाच्या गडद गाभ्याला सहसा शिवत नाही. जुन्या छिद्रांतला भुगा नुसत्या हादऱ्यानंही पडतो, म्हणून खाली काळा कागद पसरून आठ-दहा दिवस पाहा. पडत राहिला तर फिकट भाग कापून टाका. उरलेल्या उघड्या लाकडाला एक लिटर कोमट पाण्यात 60 ग्रॅम बोरॅक्स आणि 40 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून दोन हात द्या, सावलीत पूर्ण वाळवा. पॉलिशवरून हे आत मुरत नाही.

पट्ट्या पुन्हा रंधण्याआधी चुंबक फिरवा. मोडून आत राहिलेला एक खिळा पातं खराब करायला पुरतो. धुराची काजळी पितळी ब्रशनं काढा. लोखंडी ब्रशचे कण अडकले तर ओलीत काळे डाग उठतात. दारांवर जुना ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका. पाणी मारून, मास्क लावून खरवडा, मुलांना लांब ठेवा.

जवसाचं तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेटतात. पसरून वाळवा.

प्रश्न: आमची भिंत मातीची आहे. असं पॅनेल कसं टांगायचं? (निपाणी)

उत्तर: 15 मिलिमीटर जाडीच्या सागवानी पट्ट्या आणि प्लाय मिळून या मापाचं वजन 16 किलोच्या आसपास जातं. मातीत रावळप्लग (स्क्रूसाठी भोकात ठोकायची खुंटी) धरत नाही, भोक मोठं होत जातं. वरच्या तुळईला दोन हूक मारून साखळीनं टांगा. विटांची भिंत असती तर 45 अंशांत कापलेल्या दोन पट्ट्या एकमेकींत अडकवणं सगळ्यात चांगलं: एक भिंतीला, एक पॅनेलला. पद्धत कोणतीही असो, मागे बोटभर जागा सोडा, वारा खेळला पाहिजे.